स्टेशन आधी, वस्ती नंतर: कुंडल रोड, ओगलेवाडी आणि सातारा रोड

कृष्णाकाठ

पुणे-मिरज रेल्वेमार्गावर तीन वस्त्या अशा आहेत, ज्या जुन्या गावातून वाढत गेल्या नाहीत. स्टेशन होतं म्हणून त्या झाल्या. किर्लोस्करवाडी (मूळचं स्टेशन कुंडल रोड), कराड स्टेशनाला लागून असलेली ओगलेवाडी, आणि कोरेगाव तालुक्यातलं सातारा रोड. तिन्ही ठिकाणी संस्थापकांविषयी बरंच लिहिलं गेलंय आणि ते योग्यच आहे. पण कोक (भाजून घेतलेला दगडी कोळसा) कुठून यायचा, मालडबा कुठे रिकामा व्हायचा, पाणी कुठलं, माल कुठे फुटायचा याची नोंद कुठेच एकत्र नाही. माझ्या मते या वस्त्यांचा इतिहास मालवाहतुकीच्या बाजूनेच मांडायला हवा. गेज (दोन रुळांमधलं अंतर) बदललं की त्यांचं नशीब बदललं, ते त्याशिवाय कळत नाही.

सुरुवातीला ठळक गोष्टी. मार्ग सदर्न मराठा रेल्वेचा, १८८० च्या दशकात बांधलेला, मीटरगेज (रुळांमध्ये एक मीटर अंतर). १९०८ मध्ये कंपनी मद्रास अँड सदर्न मराठा झाली, १९५१ मध्ये दक्षिण रेल्वेत गेली, १९६६ मध्ये दक्षिण मध्य रेल्वेत. २००३ पासून पुणे विभाग, मध्य रेल्वे. ब्रॉडगेज, म्हणजे रुंद गेज, १९७१ मध्ये.

किर्लोस्करवाडी १९१० ची. बेळगावातली जागा सोडावी लागल्यावर लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंध संस्थानचे राजे पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळ सुमारे ३२ एकर माळ दिला. निवडुंग, दगड आणि साप, एवढंच तिथे होतं. ओगले ग्लास वर्क्स १९१६ चं, त्यालाही औंधचाच आधार. सातारा रोडला धनजीशा कूपर यांचा कारखाना १९२० च्या दशकात उभा राहिला. हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान (आजच्या भाषेत मुख्यमंत्री) होते.

ज्यांना रेल्वेची, ओतकामाची, काचकामाची माहिती आहे त्यांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

रुळावरचा

चांगला विषय. पहिला प्रश्न कायम हाच येतो की स्टेशन गावापासून इतकं लांब का? "इंग्रजांनी गावाला शिक्षा केली" वगैरे कथा सगळीकडे ऐकू येतात. खरं कारण चढ-उतार आणि पूल.

स्टेशनाच्या आवारात रूळ जवळजवळ सपाट लागतात. रेल्वेचा संकेत असा की आवारातला उतार १ ला ४०० पेक्षा तीव्र नसावा, आणि अगदीच इलाज नसला तरी १ ला २६० च्या पलीकडे जाऊ नये. उतार जास्त असला तर इंजिन सोडवलेला डबा वाऱ्यानेही सरकायला लागतो. त्यामुळे चढ-उताराच्या मुलखात आधी सपाट पट्टा शोधायचा, तिथे लूप (गाड्या एकमेकींना ओलांडायचा बाजूचा रूळ) बसतोय का बघायचं, मग पाणी. गाव कुठे आहे हा मुद्दा त्यानंतरचा.

दुसरं, हा मार्ग कोरेगावपासून मिरजेपर्यंत कृष्णेच्या पूर्वेकडच्या काठानेच जातो. कराड गाव कृष्णा-कोयनेच्या संगमावर, नदीच्या पलीकडे. गावात रूळ न्यायचे तर मोठा पूल हवा आणि परत यायला दुसरा. म्हणून स्टेशन अलीकडच्या काठावर राहिलं. त्या मोकळ्या जमिनीवर ओगलेवाडी झाली.

पाण्याचंही बघा. वायपी, वायजी ही मीटरगेजची नंतरची इंजिनं, त्यांच्या टेंडरमध्ये (इंजिनामागचा कोळसा-पाण्याचा डबा) सुमारे ३,००० गॅलन पाणी मावायचं. ठरावीक अंतरावर ते भरावंच लागे. विहीर, पंपघर, उंचावर लोखंडी टाकी आणि रुळाशेजारी वॉटर कॉलम (इंजिनात पाणी सोडणारा उभा नळ), असा हा संच. स्टेशनाभोवतीच्या वस्तीला पिण्याचं पहिलं खात्रीचं पाणी बहुतेक ठिकाणी याच विहिरीचं. पाणी जड असलं तर बॉयलरच्या नळ्यांवर क्षार बसतात, उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही, कोळसा जास्त जळतो. क्षार फारच साठले तर पाणी फेसाळून वाफेबरोबर सिलिंडरमध्ये जातं आणि सिलिंडरचं झाकण फुटायची वेळ येते. म्हणून नुसती विहीर असून भागत नसे, पाण्याची तपासणी होऊन मगच ते पाणीस्टेशन ठरे.

ओतारी

किर्लोस्करवाडीच्या बाबतीत कोक समजून घेतल्याशिवाय काही समजणार नाही, म्हणून जरा लांबण लावतो.

बिडाचा नांगर, उसाचे चरक, पंपाची आवरणं ही सगळी क्युपोलात वितळवलेल्या बिडाची (ओतीव लोखंडाची). क्युपोला म्हणजे आतून भट्टीच्या विटांनी मढवलेलं उभं नळकांडं, खालून ब्लोअरची हवा. तळाशी लाकूड पेटवायचं, त्यावर कोकचा बेड (तळाचा थर), तो दोन-तीन तास नैसर्गिक हवेवर लाल होऊ द्यायचा. मग लोखंड, कोक, चुनखडी, पुन्हा लोखंड असे थर. राख कमी असलेला कोक असेल तर १०० किलो लोखंडाला १० ते १२ किलो पुरतो. झरियाच्या कोकमध्ये राख २० टक्क्यांच्या पुढे जाते, तिथे १४-१५ किलो धरायचा आणि चुनखडीही वाढवायची, नाहीतर राख पातळ होऊन स्लॅगच्या (वितळलेल्या मळीच्या) तोंडाने बाहेर पडत नाही, आत चिकटून बसते.

आता हिशेब करा. मीटरगेजच्या चारचाकी डब्यात समजा १५ टन कोक आहे. बेडचा कोक वेगळा जातो तो धरून यात ८०-९० टन बीड वितळतं. पण हा कोक बंगाल-बिहारकडून ब्रॉडगेजने पुण्यापर्यंत यायचा आणि एका गेजचा डबा दुसऱ्या गेजवर चालत नाही म्हणून पुण्याला हमालांनी फावड्या-टोपल्यांनी मीटरगेजच्या डब्यात भरायचा. कोक ठिसूळ. दर वेळी उचलला-टाकला की चुरा होतो. दहा टक्के चुरा झाला तर आठ-नऊ टन ओतकाम गेलं, पैसे मात्र पूर्ण डब्याचे भरलेले.

चुरा भट्टीत टाकला तर काय होतं? हवा अडते. कोकचा तुकडा भट्टीच्या आतल्या व्यासाच्या दहाव्या-बाराव्या हिश्शाएवढा असावा, म्हणजे ३० इंची भट्टीला अडीच-तीन इंची. त्यापेक्षा फार बारीक झाला की हवा मधून जात नाही, कडेने वर निघून जाते, मध्यभाग थंड राहतो. बीड घट्ट येतं, साचा पूर्ण भरत नाही, पातळ भागात जोडाची रेघ राहते. म्हणून डबा रिकामा करताना कोक जाळीवरून घ्यायचा, वरचा क्युपोलाला, खालचा चुरा लोहारकामाच्या भात्याला आणि साचे वाळवायला. ही विभागणी साईडिंगवरच (कारखान्यासाठी काढलेल्या बाजूच्या रुळावर) करायची, कोठारात नेल्यावर नाही, कारण तिथे नेईपर्यंत आणखी फुटतो.

बेडची उंची हाही नेहमीचा घोळ. हवा सोडायच्या आधी वरच्या दारातून सळई घालून मापतात. ती बरोबर आहे का हे कळायची खूण अशी: हवा सुरू केल्यावर पाच ते आठ मिनिटांत ट्वियरच्या (भट्टीत हवा सोडणाऱ्या तोंडाच्या) काचेतून वितळलेल्या लोखंडाचे पहिले थेंब पडताना दिसले पाहिजेत. त्याआधी दिसले तर बेड कमी आहे, लोखंड हवेच्या झोतातच वितळतंय, ते जळकं आणि कडक येणार. फार उशिरा दिसले तर बेड जास्त, कोक वाया. कोकचा दर्जा डब्यागणिक बदलला की ही उंची पुन्हा बसवावी लागते.

कृष्णाकाठ

@ओतारी, फार मोलाचं लिहिलंत. एक विचारतो. पहिल्या महायुद्धात विलायती पिग आयर्न (ओतकामाचं कच्चं लोखंड) बंद झाल्यावर आणि नंतर, लोखंड कुठल्या मार्गाने येऊ शकत होतं?

ओतारी

इथेच मीटरगेज कामाला आलं. म्हैसूर संस्थानचा भद्रावतीचा कारखाना १९२३ मध्ये सुरू झाला. बिरूर-शिमोगा फाटा मीटरगेज, पुढे हरिहर, हुबळी, लोंढा, बेळगाव, मिरज, कुंडल रोड सगळं मीटरगेज. म्हणजे भद्रावतीत भरलेला डबा मध्ये कुठेही न उतरवता थेट कुंडल रोडच्या साईडिंगला लागू शकत होता. शिवाय तिथलं लोखंड तेव्हा लाकडी कोळशावर काढलेलं. त्यात गंधक कमी, आणि फाळासारख्या चिल ओतकामाला हे चांगलं.

चिल म्हणजे काय, तर वाळूच्या साच्यात फाळाच्या धारेच्या जागी लोखंडी ठोकळा बसवायचा. ओतलेलं बीड तिथे झटकन थंड होतं, पांढरं आणि कडक होतं. बाकीचा भाग वाळूत सावकाश थंड होऊन करडा राहतो, तो धक्का सोसतो. चिलवर गंज किंवा ओल राहिली तर वाफ कोंडून धारेलाच फुगे येतात. म्हणून चिल घासून, तापवून, मगच साच्यात.

पुढे १९४१ मध्ये किर्लोस्करांचा यंत्रकारखाना हरिहरला गेला, तेही याच मीटरगेजवरचं ठिकाण. नकाशावर बोट ठेवून बघा, कुंडल रोड आणि हरिहर एकाच रुळावर येतात.

काचकंदील

ओगलेवाडीचं दुखणं वेगळं. तिथे येणारा माल फुटायची भीती कमी, जाणारा माल फुटायची जास्त. प्रभाकर कंदील आणि कंदिलाच्या काचा हा मुख्य माल.

काचेचं मिश्रण ढोबळमानाने १०० भाग वाळू, ३५-४० भाग सोडा ॲश, १५-२० भाग चुनखडी आणि बरोबर काचेचे तुकडे. तुकडे लवकर वितळतात, बाकीच्याला ओढून घेतात. वाळूत लोखंडाचा अंश असला की काच हिरवट येते, त्याला मँगनीज डायऑक्साइडचा उतारा, पण जास्त पडला तर जांभळट झाक. तापमान १,४०० अंशांच्या पुढे. पॉट म्हणजे भट्टीतली मातीची कुंडी. ती बाहेर कित्येक दिवस सावकाश तापवून मगच भट्टीत बसवायची. घाई केली की बारीक चीर पडते आणि वितळलेली काच विस्तवावर उतरते. मग तो पॉट तर जातोच, जाळीही गच्च होते.

कंदिलाची काच फुंकून झाल्यावर ॲनीलिंगला ५०० ते ५५० अंशांच्या आसपास ठेवून हळूहळू थंड करायची. हे नीट झालं नाही तर काच दिसायला ठीक असते, पण आत ताण राहतो. मग ती पेटीत, डब्यात किंवा गिऱ्हाइकाच्या घरी वात मोठी केल्यावर तडकते. काठ जाड आणि पोट पातळ आलं असेल तर तोच भाग आधी जातो.

पॅकिंग गवताचं. कोरडं, लांब गवत, प्रत्येक काचेच्या आत-बाहेर, काचा उभ्या, लाकडी पेटीत. गवत ओलं असलं की दबतं, पेटीत पोकळी होते, आणि शंटिंगच्या (डबे जोडण्या-सोडवण्याच्या) पहिल्याच धक्क्याला काचा एकमेकींवर. त्यात उत्तरेकडे जाणारी पेटी पुण्याला एका डब्यातून दुसऱ्यात जायची. एका ब्रॉडगेज डब्यात मीटरगेजच्या दीड डब्याचा माल बसतो, म्हणजे पेट्या नुसत्या उचलून ठेवायच्या नाहीत, पुन्हा रचायच्या. खालच्या पेट्या वर, वरच्या खाली. काचेच्या मालाचं नुकसान प्रवासापेक्षा या रचण्यात जास्त होतं. दक्षिणेकडे, हुबळी-बंगळूरच्या बाजूला जाणाऱ्या मालाला हा त्रास नव्हता. त्या काळचं पत्र किंवा जाहिरात कुणाकडे असेल तर विक्रेत्यांची गावं बघा, दक्षिणेची किती आणि उत्तरेची किती ते मोजायला हवं.

देऊरकर

सातारा रोडबद्दल. पाडळीजवळची ही जागा. मीटरगेजच्या काळात साताऱ्याला जायचं तर इथे उतरून पुढे रस्त्याने. वाठारचंही तसंच, तिथून वाई, पाचगणी, महाबळेश्वर. पण वाठार आजही स्टेशन आहे. ब्रॉडगेज करताना मार्ग सातारा शहराच्या बाजूला वळवला, जरंडेश्वर आणि सातारा ही स्टेशनं आली, तिथून रूळ पुन्हा कोरेगावला. सातारा रोड बाजूला पडलं. नाव रोड स्टेशनाचं, कारखाना आहे, वस्ती आहे, बाजार आहे, रूळ नाही.

कूपर यांच्या कारखान्याचा मालही नांगर, चरक आणि पुढे डिझेल इंजिनं, म्हणजे ओतारींनी सांगितलेलं कोक-लोखंडाचं गणित इथेही तेच. किर्लोस्करवाडीला १९७१ नंतर ब्रॉडगेज दारात आलं, इथे साईडिंगच गेली. तोवर ट्रक आले होते म्हणून कारखाना टिकला. पण स्टेशनावर जगणारे लोक, हमाल, बैलगाडीवाले, टांगेवाले, चहावाले, मालधक्क्यावरचे कारकून, त्यांचं काय झालं हे कुणीतरी आता लिहून ठेवायला हवं. ती पिढी हातची चाललीय.

जुना मार्ग शोधायचा असेल तर सर्व्हे ऑफ इंडियाचे १ इंच = १ मैल हे जुने नकाशे आणि नंतरचे १:५०,००० चे नकाशे शेजारी ठेवा. सातारा, कोरेगाव, कराड, किर्लोस्करवाडी हा सगळा पट्टा ४७ जी आणि ४७ के या शीटमध्ये येतो, सांगली-मिरज ४७ एलमध्ये. उपग्रह चित्रात जुना भराव शेतांच्या बांधांना तिरका छेदणारा अरुंद पट्टा म्हणून दिसतो. शेताचे बांध काटकोनात असतात, रेल्वे त्यांची पर्वा न करता लांबलचक वळण घेते. तो पट्टा उन्हाळ्यात, पिकं नसताना काढलेल्या चित्रात बघा.

रुळावरचा

@देऊरकर यांच्या मुद्द्याला जोडून, जागेवर काय तपासायचं ते सांगतो.

भरावाची वरची रुंदी मोजा. मीटरगेजचा एकेरी भराव साधारण १६ फुटांचा, ब्रॉडगेजचा २० फूट आणि पुढे. पण कडा ढासळलेल्या असतात, म्हणून भरावावर मोजू नका, मोरीवर मोजा. दगडी मोरीच्या दोन कठड्यांमधलं अंतर बदलत नाही.

कुंपणाला, गोठ्याला, नाल्यावर टाकलेले जुने रूळ बघा. रुळाच्या पोटावर उठावाची अक्षरं असतात: वजन, कारखान्याचं नाव, वर्ष, आणि बऱ्याचदा महिना उभ्या रेघांनी. तारेच्या ब्रशने गंज काढा, खडू आडवा फिरवा, तिरप्या उजेडात फोटो घ्या. छिन्नीने खरवडू नका, अक्षरं जातात. मीटरगेजवर पुढे दर यार्ड (तीन फूट) लांबीला ६० पौंड वजनाचा रूळ बराच वापरला गेला. हलका रूळ सापडला तर तो साईडिंगचा किंवा आधीच्या काळातला असू शकतो. मात्र रुळावरचं वर्ष हे रूळ लाटल्याचं. मुख्य मार्गावरून काढलेले रूळ साईडिंगला टाकायची पद्धत होती. त्यामुळे त्या वर्षावरून साईडिंगची तारीख ठरवू नका. तो रूळ त्या वर्षाआधी टाकलेला नाही, एवढंच त्यातून निघतं.

वारणेची_लेक

याच मार्गावरच्या शेणोलीचा उल्लेख राहिला. ७ जून १९४३ ला प्रतिसरकारच्या तुफान सेनेने शेणोलीजवळ सरकारी पगाराची रक्कम नेणारी गाडी अडवली. रुळावर दगड रचून गाडी थांबवली आणि मागे जाता येऊ नये म्हणून शेवटच्या डब्यामागेही दगड रचले. एकेरी मार्ग असल्यामुळे हे शक्य झालं, बाजूने मदतीची दुसरी गाडी आणायला जागाच नाही. प्रतिसरकारचं केंद्र कुंडल. याच कुंडलच्या नावाने कुंडल रोड स्टेशन होतं.

कृष्णाकाठ

बरोबर. आणि कुंडल तेव्हा औंध संस्थानात, भोवतालचा मुलूख ब्रिटिश सातारा जिल्ह्यात. गाडीतून दोन-तीन स्टेशनं गेलं की अंमल बदलायचा. या सगळ्या वस्त्यांच्या बाबतीत हे लक्षात ठेवायला हवं.

वकीलीण_कराड

कागदपत्रांसाठी तेच सगळ्यात महत्त्वाचं. औंध १९४८ मध्ये विलीन झालं. १९४९ मध्ये जिल्ह्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे भाग झाले, १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली. त्यामुळे किर्लोस्करवाडीचा १९३० चा कागद सांगलीच्या नावाने शोधून मिळणार नाही. औंध संस्थान किंवा सातारा असं शोधा.

जमिनीसाठी आधी आजचा सात-बारा, त्यावरचे फेरफार क्रमांक उलट्या क्रमाने मागे न्या. जुन्या पानांवर मोडी येईल, वाचणारा माणूस आधी गाठून ठेवा. मग भूमी अभिलेख कार्यालयातून गटाचा नकाशा, फाळणी (गटाचे तुकडे कसे पडले) आणि आकारफोड (साऱ्याची त्यानुसार वाटणी) घ्या. रेल्वेची हद्द नकाशात वेगळी दिसते. एखादी लांबट, कमी रुंदीची पट्टी रेल्वेच्या हद्दीतून निघून कारखान्याच्या आवारात जात असेल तर ती साईडिंगची जमीन. तिची नोंद भाडेपट्ट्याची आहे की संपादनाची ते बघा. साईडिंगचा खर्च कुणी केला हे त्यातूनच कळतं.

किर्लोस्करवाडीचं नशीब थोर, १९२० पासून तिथे खबर नावाचं मासिक निघत होतं, पुढे तेच 'किर्लोस्कर' झालं, १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' आलं. जुन्या अंकांतल्या लेखांइतक्याच जाहिराती वाचा. मालाचं वजन, स्टेशनपोच दर, हे तिथेच छापलेलं असतं. ओगलेवाडी आणि सातारा रोडला अशी सोय नाही, तिथे घराघरातल्या पावत्याच शोधाव्या लागतील. रेल्वे पावतीवर पाठवणारं स्टेशन, पोचायचं स्टेशन, नग, वजन आणि भाडं असतं. फोटो काढताना मागची बाजूही घ्या, डिलिव्हरीची सही आणि शेरे मागे असतात.

काचकंदील

१९७१ नंतरचं एक सांगायचं राहिलं. पुण्याची मालफेर (एका गेजच्या डब्यातून दुसऱ्यात माल हलवणं) बंद झाली, पण मिरजेला सुरू झाली. पुणे-मिरज-कोल्हापूर ब्रॉडगेज, लोंढ्याकडे मीटरगेज आणि पंढरपूरकडे बार्शी लाईट रेल्वेची १९२७ ची अडीच फुटी लाईन, असे तिन्ही गेज मिरजेला एकत्र. लोंढ्याकडचं रूपांतर १९९० च्या दशकात झालं, तोवर दक्षिणेचा माल मिरजेला फिरवावा लागे. म्हणजे ज्या बाजूला ओगलेवाडीची काच न फुटता जायची, तीच बाजू अडचणीची झाली.

ओतारी

आणि भद्रावतीचं लोखंडही. कोक थेट आला, लोखंड मिरजेला अडलं. लोखंड फुटत नाही, त्यामुळे फाउंड्रीला हा बदल फायद्याचाच पडला. काचेला नाही.

देऊरकर

कोरेगाव बाजूच्या मोऱ्यांची मापं घ्यायची असतील तर पावसाळ्याआधी घ्या, नंतर घाणेरी आणि वेड्या बाभळीत कठडेच दिसत नाहीत. @रुळावरचा, कठड्यांमधलं अंतर आतल्या कडेने घ्यायचं की बाहेरच्या?

रुळावरचा

आतल्या. दोन्ही टोकांना आणि मध्ये, तीन ठिकाणी घ्या. एका बाजूचा दगड नवीन आणि सिमेंटमध्ये बसवलेला दिसला, तर ती मोरी नंतर रस्त्यासाठी रुंद केलेली आहे. तिचं माप सोडून द्या, पुढची घ्या.